फॅमिली डॉक्टर निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत आई ॲडमिट: तुम्ही नवा डॉक्टर कसा शोधलात?

नौपाड्याची_लेक

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे. पहिलाच धागा, आणि लांबलाय. सांभाळून घ्या.

माझं माहेर नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत. मी लग्नानंतर कासारवडवलीला. म्हणायला दोन्हीकडे ठाणंच, पण संध्याकाळी सात वाजता आईकडे जायचं म्हटलं तर कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये देव आठवतो. आई ७२ वर्षांची, एकटी राहते. बीपीची एक गोळी (टेल्मिसार्टन), गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. तिच्यासाठी डॉक्टर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी तळमजल्यावर बसणारे आमचे डॉक्टर. १९८३ पासून तिथेच. माझी गोवर त्यांनी पाहिली, माझ्या मुलाच्याही कांजिण्या त्यांनीच.

गेल्या वर्षी ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर नवीन इमारतीत गाळा देणार होता, पण चार वर्षं कुठेतरी भाड्याने बसायचं आणि ७८ व्या वर्षी पुन्हा पाटी लावायची, यात त्यांना काही राम वाटला नाही. महिनाभर आधी दारावर कागद चिकटवला आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दवाखाना बंद केला. जाताना ज्याचे त्याचे केसपेपर बोलावून हातात दिले. पोस्टकार्डाएवढी पिवळी पडलेली कार्डं, घरटी एक गठ्ठा, वर रबरबँड. आमच्या गठ्ठ्यात तर आजोबांचंही कार्ड होतं. आईने तो गठ्ठा देवघराच्या खालच्या खणात लाइट बिलांबरोबर ठेवून दिला. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पहिले चार महिने काय झालं? काहीच नाही. म्हणजे आईने डॉक्टर हा विषयच बंद केला. आधी दर महिन्याला भाजी आणायला गेली की परत येताना बीपी मोजून यायची. आता मेडिकलवाल्याला जुनी स्ट्रिप दाखवायची, तो तीच गोळी द्यायचा. "मोजायला कोणाकडे जाऊ? ते हॉस्पिटलवाले आधी आधार कार्ड मागतात." फोनवर मी "बरी आहेस ना?" विचारायचे, ती "हो" म्हणायची. विषय संपला.

माझ्या घरी बरोब्बर उलटं. मुलगा दहावीत. जानेवारीत त्याला ताप आला, एकच दिवस, १०१. पूर्वी मी डॉक्टरांना फोन केला असता आणि ते म्हणाले असते, "पॅरासिटामॉल दे, तीन दिवस बघू, खातोय ना?" या "खातोय ना?" वर माझी आख्खी आईपणाची कारकीर्द निभावली आहे. आता विचारायला कोणी नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. अकरा जणांनी अकरा सल्ले दिले. घाबरून लॅबवाल्याला घरी बोलावलं, फीव्हर पॅनल १,९०० रुपये, सगळं नॉर्मल. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. वर्षात नवऱ्याची पाठ, माझी ॲसिडिटी आणि मुलाचा ताप मिळून आम्ही चार वेगवेगळ्या स्पेशालिस्टांकडे गेलो. प्रत्येकाकडे पहिलं वाक्य एकच: "आधी काही त्रास होता का?"

मार्चमध्ये आईचा गुडघा सुजला. मी माझ्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑर्थोपेडिकला दाखवलं. १,२०० रुपये, एक्स-रे, आणि दहा दिवस डायक्लोफेनॅक, म्हणजे पेनकिलर. गोळीने तिला इतकं बरं वाटलं की दहा दिवसांची गोळी तिने पाच आठवडे घेतली. (मेडिकलवाला तोच, पद्धत तीच, रिकामी स्ट्रिप दाखवायची.) एप्रिलअखेर पायांवर सूज. मला वाटलं हार्ट. कार्डिओलॉजिस्ट, टूडी इको, तो नॉर्मल, पण बीपी वाढलेलं. त्यांनी लघवी होण्याची एक गोळी वाढवली. गुडघ्याची गोळी चालू आहे हे त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. गुडघ्याचा आणि हृदयाचा काय संबंध, असं मलाही वाटलं, आणि मी बँकेत क्रेडिटला आहे, दिवसभर लोकांच्या कागदातल्या विसंगती शोधते.

मे महिन्यात एका रात्री उलट्या, चक्कर, लघवी जवळपास बंद. इमर्जन्सी. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.४. तीन दिवस ॲडमिट, ६८ हजार. किडनीच्या डॉक्टरांनी राऊंडला आल्यावर एकच गोष्ट विचारली, "घरात आहेत नाहीत तेवढ्या सगळ्या गोळ्या आणा." पिशवी उपडी केली, त्यातून त्यांनी डायक्लोफेनॅकची स्ट्रिप उचलून बाजूला ठेवली. ती गोळी बंद, सलाइन, बीपीच्या गोळ्याही थोडे दिवस थांबवल्या. दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.३.

आता तो गठ्ठा. घरी आल्यावर इन्शुरन्ससाठी जुने कागद शोधताना हाती लागला. रबरबँड सोडवायला गेले तर तुकडे पडले. आईच्या तिसऱ्या कार्डावर, ऑगस्ट २०१६ खाली, डॉक्टरांच्या अक्षरात: "गुडघा. पेनकिलर ७ दिवस. पाय सुजले. क्रिएटिनिन १.६. बंद." आणि खाली लाल शाईने, दोनदा अधोरेखित: "पुन्हा देऊ नये. शेक, पॅरासिटामॉल."

आईला विचारलं, तुला आठवत नव्हतं? म्हणाली, "मला इतकंच आठवतं की डॉक्टर गोळीच्या बाबतीत फार चिकट होते."

तर प्रश्न. तुमचा डॉक्टर गेला (निवृत्त, परदेशी, देवाघरी, कसाही), त्यानंतर तुमच्या घरात काय झालं? आणि नवा शोधताना काय बघितलंत? पाचपाखाडी, नौपाडा, विष्णूनगर भागात कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नावं नकोत.

---

पामबीच_पायी

आई आता बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं.

आमचंही हेच, सानपाड्यात. डॉक्टर मुलाकडे कॅनडाला गेले. मी तर वर्षभर ॲपवर व्हिडिओ कन्सल्ट करत होतो. दर वेळी नवा चेहरा, दर वेळी सगळं पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी स्वतःच माझ्या बीपीचा इतिहास इतका तोंडपाठ म्हणून दाखवला की पलीकडची डॉक्टर हसली.

त्या ६८ हजारांबद्दल: २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आईंचं काढून ठेवा. योजनेतलं हॉस्पिटल लागतं आणि ॲडमिट झालं तरच. बीपी मोजायला कोणाकडे जायचं, याचं उत्तर त्या कार्डात नाही.

---

खाडीपलीकडचा

मी जरा वेगळा सूर लावतो, हलके घ्या.

सगळेच जुने डॉक्टर तुमच्या डॉक्टरांसारखे नव्हते. कळव्यात आमच्या वडिलांचा एक ठरलेला डॉक्टर होता. दमा. वीस वर्षं कागदाच्या पुडीत पांढरी, गुलाबी, पिवळी गोळी. नाव नाही, चिठ्ठी नाही. "हातगुण" म्हणून सगळी चाळ त्याच्याकडे. तो हार्टॲटॅकने गेला आणि दवाखान्याला कुलूप. वडिलांकडच्या पुड्या आठवड्यात संपल्या. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना उठवेना, बीपी ८० पर्यंत उतरलेलं, बोलणं असंबद्ध. आम्ही कळव्याच्या महापालिका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने चेहऱ्यावरची सूज, दंडावरची कागदासारखी कातडी बघून विचारलं, "हे स्टिरॉइड घेत होते का?" आम्हाला काय माहीत! रोजचं स्टिरॉइड वर्षानुवर्षं घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो, हे त्या दिवशी शिकलो.

म्हणजे डॉक्टर गेल्यावर हाल झाले ते आमचेही, पण त्याला कारण तो स्वतःच. तुमच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं आणि कार्ड हातात दिलं होतं. आमच्याने सगळं डोक्यात ठेवलं आणि डोक्यासकट गेला. त्यामुळे नवा शोधताना माझी एकच अट: गोळीचं नाव वाचता येईल असं लिहून देतो का. नसेल तर कितीही गोड बोलू दे.

---

आकडेमोड_काका

दोन्ही अनुभव पटले. मी सार्वजनिक आरोग्याच्या कामातून निवृत्त झालोय, त्यामुळे जुनी खोड: आकडे.

ताईंच्या घरात जे झालं ते अमेरिकेत मोजलंय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे डॉक्टर काम सोडून गेले अशा सुमारे ९० हजार ज्येष्ठ पेशंटांचं पुढे काय झालं ते पाहिलं. पहिल्याच वर्षात नेहमीच्या साध्या डॉक्टरकडच्या फेऱ्या साधारण १८ टक्क्यांनी घटल्या, स्पेशालिस्टकडच्या ६ टक्क्यांनी वाढल्या, वेळ न घेता जाता येतं अशा तातडीच्या क्लिनिकमधल्या जवळपास १८ टक्क्यांनी वाढल्या आणि इमर्जन्सीतल्या ३ टक्क्यांनी. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या पेशंटांना फटका जास्त. आई घरात बसली आणि तुम्ही चार स्पेशालिस्ट फिरलात, हे त्याच तक्त्यातले दोन रकाने.

नॉर्वेचा २०२२ मधला अभ्यास उलट बाजूने आहे. तिथे २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. १५ वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्यांना, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री डॉक्टर गाठण्याची वेळ ३० टक्के कमी आणि तातडीने भरती व्हायची २८ टक्के कमी. मृत्यूचं प्रमाणही २५ टक्क्यांनी कमी. मात्र जे एका गावात स्थिर राहतात त्यांचं आयुष्य मुळातच धड असू शकतं, तेव्हा सगळं श्रेय डॉक्टरला देऊन मोकळं होऊ नये.

माझ्या मते खरी गोम पुढे आहे. तिथे डॉक्टर गेला की यादीत जागा रिकामी दिसते, तेवढे पेशंट दुसऱ्याकडे द्यावे लागतात. आपल्याकडे मुळात कोणाच्या यादीत कोणी नाही. तुमच्या डॉक्टरांनी दार लावलं तेव्हा किती ज्येष्ठ पेशंट विनाडॉक्टर झाले, हे ठाण्यात कुठल्याही कार्यालयाला माहीत असायचं कारण नाही. ते फक्त त्या कार्डांच्या खणांना माहीत होतं.

---

काउंटरमागचा

माझं मेडिकल स्टोअर आहे, ठाण्यातच. ताईंच्या आईंना मी गोळी दिलेली नाही, पण रोज अशा दहा आयांना देतो, म्हणून लिहितो.

डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. शेड्यूल एच. आम्ही देतो. नाही दिलं तर चार दुकानं पुढे मिळतं. हे समर्थन नाही, जे आहे ते सांगतोय. आमच्या भागातले दोन जुने डॉक्टर बंद झाल्यापासून "काका, काहीतरी द्या" ची गर्दी दुप्पट झालीय. म्हणजे आम्हीच डॉक्टर झालोय, बिनशिक्षणाचे.

एक सांगतो, हसू नका. स्ट्रिप कात्रीने कापून आणता ना, तेव्हा नाव असलेलं टोक कापू नका. बऱ्याच स्ट्रिपांवर तारीख एकाच टोकाला असते, नाव कधी अर्धंच उरतं. परवा एक आजोबा चार चकचकीत चौकोनी तुकडे घेऊन आले, एकावर फक्त "…टान ४०". आणि वेगवेगळ्या कंपन्यांची तीच गोळी दोन नावांनी दिवसातून दोनदा घेणारे तर महिन्याला एक-दोन सापडतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि कुठल्याही डॉक्टरकडे ती पिशवी घेऊनच जा. आमच्याकडे आलात तरी बघून देऊ.

---

ऐरोली_ओपीडी

मी स्वतः जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, ऐरोलीत, १४ वर्षं. काउंटरमागच्या दादांच्या प्रामाणिकपणाला दंडवत.

वैद्यकीय भाग आधी: टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट किडनीला वाईट, वयस्कर माणसाला जास्तच. एकेकट्या चिठ्ठीत चूक दिसत नाही. तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या की दिसते, आणि ते टेबल कोणाचं हाच तुमचा धागा आहे. त्यातही पेनकिलरनेच पाय सुजले आणि बीपी वाढलं असणार, आणि त्यावर इलाज म्हणून तिसरी गोळी आली. आमच्याकडे हे वरचेवर दिसतं.

नवे जीपी का दिसत नाहीत? एमबीबीएस झालेली मुलं दोन-तीन वर्षं पीजीच्या तयारीत असतात, मग स्पेशालिस्ट होतात. उरलेल्यांनी गाळ्याचं भाडं भरून दीडशे रुपये फी घ्यायची, तर रोज किती पेशंट बघावे लागतील हा हिशेब तुम्ही बँकवाल्या, तुम्हीच करा. माझा गाळा सासऱ्यांचा म्हणून मी टिकलो.

कागदांबद्दल: मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या पेशंटचे कागद हॉस्पिटलने तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. आईंच्या तीन दिवसांचा पूर्ण रेकॉर्ड मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. दवाखान्यातल्या कार्डांबाबत तशी तीन वर्षांची सक्ती नाही. तुमच्या डॉक्टरांनी ती बोलावून परत केली, मी करीन की नाही खात्री नाही. माझी सगळी कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि हे वाचून आज संध्याकाळी मी पहिल्यांदा विचार केला की मला काही झालं तर पासवर्ड कोणाला माहीत आहे.

डॉक्टर निवडताना काही दुखत नसताना जा. आजारी माणूस निवड करत नाही, मिळेल त्याला धरतो. बीपी स्वतः मोजतो का बघा. "आणखी काय घेता?" हे न सांगता विचारतो का बघा. आणि एकदा तरी "याला औषध नको" म्हणतो का. खाडीपलीकडच्यांची अट त्यात धराच.

---

नौपाड्याची_लेक

सगळ्यांचे आभार. खाडीपलीकडचे, तुमच्या वडिलांचं वाचून दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. काउंटरमागचे दादा, आईचा मेडिकलवालाही वाईट नाही हो, तिला पाणी विचारतो.

व्यनितून तीन नावं आली. एक जण फक्त अपॉइंटमेंटने, ती ॲपवर, म्हणजे आई बाद. दुसऱ्यांकडे मी एकटी जाऊन बसले. दवाखान्यात तीन मिनिटांत तीन पेशंट बाहेर, प्रत्येकाच्या हातात तपासण्यांची यादी. उठून आले. तिसरे पाचपाखाडीत, आईच्या घरापासून चालत बारा मिनिटं (आईच्या चालीने एकवीस, घड्याळ लावून मोजलं).

काल गेलो. मुद्दाम काही दुखत नसताना. आईने जरीकाठाची साडी नेसली होती, बघायला जातात तशी. मी पिशवी, डिस्चार्जचे कागद आणि कार्डांचा गठ्ठा, नवा रबरबँड लावून. बाहेर पाऊस, आत दोनच पेशंट.

डॉक्टर तरुण आहेत. आधी पिशवी ओतली, नावं वाचून कागदावर उतरवली. मग गठ्ठा हातात घेतला आणि वाचतच बसले. मला वाटलं चाळतील. पण ते एकेक कार्ड उलटं करून मागचंही वाचत होते. मध्येच विचारलं, "हे 'श्रा. सो.' काय आहे? बीपीसमोर दर वर्षी ऑगस्टमध्ये लिहिलंय." आई म्हणाली, "श्रावणी सोमवार. मी उपासाला साबुदाणा आणि मीठ घातलेले बटाटे खाते, तेव्हा वाढतं. डॉक्टर ओरडायचे." त्यांनी ते नव्या कागदावर उतरवून घेतलं. लाल शाईची ओळ मी दाखवायच्या आधीच त्यांनी बोट ठेवलं होतं. तीही उतरवली, वर, पहिल्याच ओळीत.

मग बीपी, स्वतः, दोनदा. पायाचा घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. क्रिएटिनिन एका महिन्याने पुन्हा करू म्हणाले, आज नको. आईने गुडघ्यासाठी काहीतरी द्या म्हणून हट्ट धरला. ते म्हणाले, "शेक घ्या, आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल." आईने माझ्याकडे पाहिलं. हाही चिकट निघाला, असा चेहरा.

फी २५०. मी पैसे काढत होते तेवढ्यात तिने त्यांना सरळ विचारलं, "तुमचं वय काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "अडतीस, आजी. का हो?"

"नाही, असंच."

रिक्षात बसल्यावर ती बराच वेळ बोटांवर काही मोजत होती. नितीन कंपनीच्या सिग्नलला म्हणाली, "मी नव्वदीची होईन तेव्हा हा छप्पन्नचा. पुरेल."